उजव्या हाताला तापी

नवागाम, सुरत
पोळ्याचा दुसरा दिवस

तीर्थरूप हिलालआप्पा यांच्या पायांवर धाकट्या बळीरामचं डोकं. अनुसयावहिनींनाही तसाच नमस्कार सांगा, पण हे पत्र त्यांना वाचून दाखवताना मधला थोडा मजकूर गाळा. कुठला, ते त्या जागी आल्यावर लिहीन.

तुमचा गुडघा कसा आहे? मागे फोनवर तुम्ही म्हणालात उजवा दुखतो, नंतर वहिनींनी फोन घेतला आणि म्हणाल्या डावा. मला हल्ली उजव्या-डाव्याबद्दल कोणाचंच काही पटत नाही, तेव्हा दोन्ही गुडघ्यांची विचारपूस केली असं समजा. म्हैस गाभण आहे असं कळलं, आनंद झाला. बैलांना पोळ्याला काय केलंत? इकडे मातीचे बैल आणून पुजले, आणि ते ठेवताना त्यांची तोंडं कुठल्या दिशेला करावीत यावर जमलेल्या मंडळींत तासभर वाद झाला. का झाला ते पुढे येईलच. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे अर्धं क्षेम तापीच्या या काठाला आहे आणि अर्धं त्या काठाला.

पत्र का लिहितोय, असं तुमच्या मनात आलं असेल. फोन केला की तुम्ही तो स्पीकरवर टाकता आणि पारावर ठेवता. मग मी बोलतो तुमच्याशी, पण 'हो का' म्हणतो दुसराच कोणीतरी. ही भानगड पारावर जायला नको आहे.

रूपालीला मुलगी झाली हे तुम्हाला कळलेलंच आहे. दोन वेळा पोटातलं गेलं, त्यानंतर ही आली. पेढे तुमच्याकडे पोचले, पण नातीचं तोंड मी, तिचा सख्खा आजोबा, अजून पाहिलेलं नाही. ती आहे अमरोलीत, सासरी. (पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं होतं, पण डॉक्टरांनी तिला हलवू नका म्हणून बजावलं होतं, म्हणून पुष्पाच तिकडे जाऊन राहिली आहे.) इथून रिक्षाने म्हणाल तर एक चहा थंड होईल एवढ्या वेळाचा रस्ता. पण मध्ये तापीचा पूल आहे, आणि मला तापी ओलांडायची बंदी आहे. बंदी कोणी घातली? मीच. कशी घातली, तेच मला नीट कळलेलं नाही, म्हणून तुम्हाला विचारतो आहे.

दिवाळीच्या आसपास रूपालीला दिवस राहिले तेव्हा मी मनातल्या मनात बोललो होतो, की तापीमाय, एवढं पार पाड, तुला पायी प्रदक्षिणा घालीन. मनात बोललेलं मनातच ठेवावं की नाही? पण मी ते लिंबायतच्या चहाच्या टपरीवर वाल्मिकला सांगितलं. वाल्मिक आपल्याच भागातला, रिक्षा चालवतो. त्याने नर्मदेची परिक्रमा अर्धी केलेली आहे (बसने). त्याला तिथले सगळे नियम पाठ आहेत. तापीच्या परिक्रमेचे नियम फारसे कोणाला माहीत नसल्यामुळे, नर्मदेचे तेच तापीला, असं त्याने ठरवून टाकलं. शेजारी चंदूभाऊ बसले होते, चलथाणच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते ते. तेही म्हणाले मी येतो. झालं, आमचं मंडळ तयार झालं.

नियम मुख्य दोन. माय कायम उजव्या हाताला हवी, आणि परिक्रमा पूर्ण होईपर्यंत तिला ओलांडायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. आम्ही आधी असं धरलं होतं की इथून निघायचं, चलथाण, बारडोली, व्यारा करत काठाकाठाने वर जायचं, मुलताईला तिचा उगम गाठायचा, तिथून पलीकडच्या काठाने तुमच्या गावावरून परत यायचं आणि समुद्राशी संपवायचं. चंदूभाऊंनी तसा नकाशाही काढला. (त्यांच्या प्रत्येक नकाशात चलथाण मध्यभागी असतं.) मग नियमाची खात्री करून घ्यायला म्हणून आषाढात तापी जयंतीला आम्ही घाटावर गेलो. आता लक्ष देऊन वाचा, कारण सगळं इथेच बिघडलं.

घाटावर गर्दी होती. लोक मायला साडी नेसवत होते, या काठापासून मधल्या होडीपर्यंत लांबच लांब चुंदडी धरली होती, फुगे उडत होते. आम्हाला फक्त विचारायचं होतं. भटजींपुढे रांग होती म्हणून रांगेत बसलो. माझी पाळी आली तसं मी म्हणालो, "महाराज, परिक्रमेबद्दल जरा विचारायचं होतं." त्यांनी 'परिक्रमा' एवढंच ऐकलं. माझा हात धरला, पळीभर पाणी घातलं, नाव विचारलं, गोत्र विचारलं. विचारतात म्हटल्यावर सांगितलं. भटजी भरभर म्हणत गेले, मागची रांग मला ढकलत होती, आणि ते 'सोडा' म्हणाले तसं मी पाणी सोडलं. उठून उभा राहिलो तेव्हा वाल्मिक धावत आला आणि म्हणाला, "बळीरामभाऊ, हाऊ संकल्प व्हयना!" संकल्प झाला आणि मला पत्ताच नाही. तो रिक्षा लावायला गेला होता, त्यामुळे त्याचा झाला नाही. चंदूभाऊ माझ्या शेजारीच बसले होते, पण त्यांच्या बोटांच्या फटीतून पाणी आधीच गळून गेलं होतं. त्यांचा संकल्प झाला की नाही यावर मंडळात मतभेद आहेत. पक्का असा झाला तो एकट्याचा, माझा.

घरी येऊन सांगितलं तर पुष्पाने कपाळाला हात लावला. "तुमले नुसतं इचारी येवाले धाडेल व्हतं, तुम्ही तं करीच टाकं!" एवढंच बोलली, पण ते दिवसभर थोड्याथोड्या वेळाने बोलत राहिली.

आता आषाढात संकल्प, म्हणजे पुढे लगेच चातुर्मास. चातुर्मासात परिक्रमावासी चालत नाही, असतो तिथे मुक्काम करतो. म्हणजे वाल्मिकच्या म्हणण्याप्रमाणे मी निघालेलो आहे, वाटेत चातुर्मास लागला आहे, आणि सध्या माझा मुक्काम माझ्याच घरी आहे. एक पाऊल न टाकता मी परिक्रमेत अडकलो. कार्तिकी एकादशी झाली की पुढे निघायचं, तोवर नियम सगळे लागू.

(इथून पुढचा परिच्छेद वहिनींना वाचून दाखवू नका.) पुष्पाने हे नियम फार मन लावून ऐकले. परिक्रमावासी समोर येईल ते खातो, नावं ठेवत नाही, असं वाल्मिक तिच्यासमोर बोलून गेला. त्या दिवसापासून ती अमरोलीला जाईपर्यंत माझ्या ताटात दुधी आणि गिलके आलटून पालटून येत होते. शेवभाजी घरात व्हायची, वास यायचा, पण ती गृहस्थांसाठी. मी तोंड उघडलं की ती हात जोडायची आणि म्हणायची, महाराज, काही चुकलं का? आप्पा, ही युक्ती वहिनींच्या कानावर गेली तर तुमचंही अवघड होईल, म्हणून गाळायला सांगितलं.

मायच्या दिशेला पाय करून झोपायचं नाही, हा आणखी एक नियम. आपली तापी काही सरळ जात नाही. सुरतेत येऊन ती असं वळण घेते की उत्तरेला पाहावं तर तीच, पश्चिमेला पाहावं तर तीच. पूर्वेला पाय करून पाहिले, तर चंदूभाऊ म्हणाले, तिकडे तिच्यावरचंच काकरापारचं धरण आहे. शेवटी दक्षिणेला, नवसारीकडे पाय करून झोपतो. खाट आडवी आल्यामुळे दार अर्धंच उघडतं, येणारा-जाणारा कडेकडेने आत शिरतो. महापालिकेच्या नळाला येतं ते पाणी तापीचंच. मग मी अंघोळीला बसून डोक्यावर तांब्या ओतला की माय माझ्या अंगावरून गेली, मी तिला ओलांडलं नाही, हे बरोबर ना? वाल्मिकने यावर विचार करायला दोन दिवस मागून घेतले आणि मग म्हणाला, चालेल. खाडीचं तर विचारूच नका. लिंबायतची खाडी मायचीच लेक असली तर काय, अशी शंका निघाली, आणि तिचा निकाल लागेपर्यंत मी खाडीपलीकडच्या बाजारात गेलो नाही. मग कोणीतरी म्हणालं की उपनद्या ओलांडायला हरकत नसते. तोवर घरातला साबण संपला होता.

शेजारचे जयंतीकाका मात्र मला रोज हसतात. सरळ माणूस, देवळात नियमाने जाणारा. ते म्हणतात, "अरे भाई, पुल परथी जाओ तो नदीने पग क्यां अडे छे?" पुलावरून गेलं तर नदीला पाय कुठे लागतो, म्हणे. पटण्यासारखं आहे. मला सगळ्यांचंच पटतं, तीच तर अडचण आहे. सकाळी वाल्मिकचं पटतं, दुपारी काकांचं. म्हणून पुन्हा घाटावर जाऊन त्याच भटजींना गाठलं आणि विचारलं, संकल्प मागे घेता येतो का? ते म्हणाले, मी संकल्प सांगतो, मागे घेत नाही. राहायला कुठे म्हणून विचारलं, तर रांदेरला! रोज स्कूटरवरून दोनदा तापी ओलांडतात.

तिथेच घाटावर आणखी एक घोटाळा बाहेर पडला. मी नदीकडे पाहत उभा होतो. दोन्ही हात पसरून, डोळ्यांसमोर चलथाणचा रस्ता आणून पाहिला, तर वर जाताना माय डाव्या हाताला येते! पुन्हा फिरून पाहिलं, पुन्हा डावीकडे. चंदूभाऊंना उभं केलं, त्यांचीही डावीकडेच आली. (शेजारी कपडे धुणाऱ्या बायका आमच्याकडे पाहून उठून लांब जाऊन बसल्या.) म्हणजे आमचा नकाशा उलटा होता. आपल्या काठाने माय उजवीकडे ठेवायची असेल तर तोंड समुद्राकडे करावं लागतं. इथून निघून आधी डुमसला जायचं, तापीच्या मुखाशी होडीने पलीकडे उतरायचं (मुखाशी ओलांडलेलं ओलांडणं धरत नाहीत), आणि मग पलीकडच्या काठाने वर. चंदूभाऊ खचलेच. चलथाण अगदी शेवटी येतं म्हटल्यावर परिक्रमेत काही राम नाही, असं ते म्हणू लागले.

पण आप्पा, माझ्या अंगावर काटा आला. कारण त्या काठाने वर जाताना आधी काय येतं? पाल, अडाजण, रांदेर, आणि अमरोली! जुन्या नकाशाने अमरोली शेवटच्या टोकाला होती. मी पोचलो असतो तेव्हा नात स्वतः दार उघडायला आली असती. आणि नव्या नकाशाने ती सुरुवातीलाच, ऐन वाटेवर! नियम न मोडता मी तिच्या दारात उभा राहू शकतो. मी तसाच वाल्मिकच्या रिक्षात बसून डुमसला गेलो. (माय उजव्या हाताला होती. परत येताना डावीकडे आली, तेव्हा वाल्मिकने मला उलटं तोंड करून बसवलं.) तिथल्या मच्छीमारांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि सांगितलं, पलीकडे सगळ्या कंपन्यांच्या भिंती आहेत, माणूस उतरवायला जागा नाही, परवानगी लागते, ती कोण देतं ते आम्हालाही माहीत नाही. शिवाय वाल्मिकचं टुमणं आहेच की चातुर्मास सरेपर्यंत पाऊलच उचलायचं नाही. म्हणजे कार्तिकापर्यंत नात फोनवरच.

फोनवर काय दिसतं सांगू? पंखा. जावई हेमराजराव फोन धरतात, त्यात पंखा दिसतो. पुष्पा फोन धरते, त्यात तिचा कान दिसतो. एकदा क्षणभर दुपट्यातून काहीतरी गुलाबी हललं, मी 'दिसली दिसली' म्हणून ओरडलो, तर ते रूपालीचं कोपर होतं. डिंकाचे लाडू मी वाल्मिकबरोबर पाठवतो. तो नियम सांगणारा, पण संकल्प न झालेला, त्यामुळे दिवसातून चारदा पुलावरून जातो. तो नातीला पाहून आला. येऊन मला सांगतो, तुमच्यासारखंच नाक आहे. मला फार राग आला त्याचा.

रूपाली आता फोनवर माझ्याशी बोलत नाही. परवा फक्त एवढंच म्हणाली, "पप्पा, नदीचं नका सांगू मला. यायचं नसेल तर तसं सरळ बोला ने." तिला कसं सांगू की मी तिच्यासाठीच थांबलोय? दोन वेळा काय झालं ते मी दवाखान्याच्या बाकावर बसून पाहिलं आहे. आता मायने दिलं आहे, आणि मी शब्द मोडला आणि तिने परत मागितलं तर? हे मी कोणाला बोललो नाही, वाल्मिकलाही नाही. लोक हसतात, हसू देत. मला भीती वाटते, आप्पा.

तर कामाचं लिहितो. प्रकाश्याला तुमची ओळख आहे. तिथे कोणी तापीची परिक्रमा पायी केलेला जुना माणूस असेल तर त्याला विचारा की चातुर्मासात मुक्कामी असलेल्याने पूल वापरला तर चालतो का, आणि डुमसला तो पलीकडे कसा उतरला. कार्तिकात आम्ही तिकडे येऊ तेव्हा ओसरीवर दोघातिघांची सोय होईल का, तेही कळवा. कोणी इकडे येणार असेल तर वहिनींच्या हातचं कळण्याचं पीठ पाठवा. पुष्पा परतली की दुधी पुन्हा सुरू होईल, त्याबरोबर निदान भाकरी तरी बरी लागेल.

लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार. गुडघ्याला (जो असेल त्याला) तेल लावत जा.

तुमचा धाकटा भाऊ
बळीराम

ता. क. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. काल वाल्मिक बोलता बोलता म्हणाला की घरातल्या थोरल्याची परवानगी नसेल तर परिक्रमेचा संकल्प लागूच होत नाही. मी तुम्हाला विचारलं कुठे होतं? तेव्हा तुम्ही एवढंच करा, एका कागदावर लिहून पाठवा की बळीरामच्या परिक्रमेला माझी परवानगी नाही. खाली सही. लहानपणापासून तुम्ही मला प्रत्येक गोष्टीला नाही म्हणत आलात, कुस्तीला, तमाशाला, सुरतेला यायलासुद्धा. आता मी स्वतः मागतोय तर एवढं एक नाही म्हणायला जड जाऊ नये. लवकर लिहा. कागद हातात पडला की मी त्याच पावली अमरोलीला जातो.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं. शहाद्याकडे जाणारं कोणी भेटेना म्हणून राहून गेलं, आणि आता लिहायची गोष्टच बदलली. परवा दुपारी पुष्पाचा फोन आला. पोरीला कावीळ झाली, डोळ्यांवर पट्टी बांधून काचेच्या पेटीत निळ्या दिव्याखाली ठेवली आहे, रूपाली कोणाचं ऐकत नाही, रडते आहे. पुष्पा एवढंच म्हणाली, "तुम्ही आठे दवाखानामा या." पुढचं मला नीट आठवत नाही. दोन पायांत दोन वेगळ्याच चपला होत्या हे नंतर कळलं. वाल्मिक टपरीवर होता, मी रिक्षात बसलो, त्याने विचारलंही नाही कुठे. पूल कधी आला, कधी गेला, मला ठाऊक नाही. अमरोलीच्या चौकात रिक्षा थांबली तेव्हा वाल्मिकने मागे वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. तेव्हा मला आठवलं. त्यालाही तेव्हाच आठवलं. एवढ्या नियमांचा माणूस, पण माझा हात धरून दवाखान्याच्या पायऱ्या चढला.

तापीचं नुसतं स्मरण केलं तरी पुण्य लागतं म्हणतात. मला नेमकं तेवढंच करता आलं नाही.

पोरगी बरी आहे. काल पेटीतून बाहेर काढली, रूपालीने ती माझ्या मांडीवर ठेवली, मग माझ्याकडे पाहून हसली आणि मग पुन्हा रडली. नाक माझ्यासारखं मुळीच नाही.

पण रात्री झोप येत नाही. म्हणून आप्पा, विनंती थोडी बदलतो. ते नाहीचं पत्र पाठवाच, पण त्यावर तारीख आषाढातली घाला, तापी जयंतीच्या आधीची. दुसरं एक पत्र कार्तिकाच्या तारखेचं लिहा, त्यात परवानगी द्या. कारण कार्तिकात मी चालणारच आहे, डुमसला होडी मिळो न मिळो, नव्याने पाणी सोडून. आणि पहिल्या पत्रात खाली एक ओळ जास्तीची लिहा, की यात जे काही चुकलं असेल ते थोरला भाऊ म्हणून माझ्याकडे. तुम्ही रोज पहाटे तिच्यात अंघोळ करता, तुमच्यावर ती फार दिवस रागावून राहणार नाही. उरलेलं मी घेतो. आपण दोघं काय ते वाटून घेऊ, आप्पा. पोरीच्या वाट्याला काही जाऊ द्यायचं नाही.